सहीचा अधिकार द्या

नाशिकमधल्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीच्या वार्षिक सभेला जाऊन बसा. अहवाल वाचून होतो, हिशेब मंजूर होतो आणि कोणीतरी वडीलधारे उठून म्हणतात, ‘आता तरुणांनी पुढं यायला हवं.’ सगळ्यांच्या माना डोलतात. मग निवडणूक होते. सेक्रेटरी तेच राहतात, खजिनदार तेच राहतात, कमिटीतली दोन-चार नावं इकडची तिकडं होतात. शरणपूर रोडची जुनी मंडळी घ्या, नाशिक रोडची घ्या, देवळाली कॅम्पची घ्या, नाहीतर सिडकोत भाड्याच्या हॉलमध्ये भरणारी अलीकडची एखादी घ्या, यात फारसा फरक पडत नाही. तरुण पुढं येत नाहीत ही तक्रार मला मुळातच मान्य नाही. आपण त्यांना जिथवर येऊ देतो तिथवर ते येतात आणि तिथं उभे राहतात.

नाताळच्या आठवड्यात डोळे उघडे ठेवून पाहिलं तरी हे कळतं. थंडीत रात्री एक-दीडपर्यंत कॅरल घेऊन घरोघरी कोण फिरतं? मंडप, लायटिंग, साउंड, पडद्यावर गीतांचे शब्द, मोबाइलवरून उपासनेचं थेट प्रक्षेपण, जेवणाच्या पंगती, दुसऱ्या दिवशी खुर्च्या मोजून मंडपवाल्याला परत करणं, हे सगळं पंचवीस-तिशीच्या आतली मुलंमुली करतात. यातलाच एखादा सातपूरच्या कारखान्यात अख्खी लाइन सांभाळतो, लाखांच्या मालाची जबाबदारी त्याच्यावर असते. एखादी मुलगी सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला वॉर्डची जबाबदारी घेते. रविवारी मंडळीत आल्यावर मात्र दोन स्पीकर विकत घ्यायचे की नाही हे ठरवण्याइतकंही मत त्यांना नसतं. ‘कमिटीपुढं ठेवू’ म्हणून विषय थांबतो, आणि त्या कमिटीत त्यांचं कोणी बसलेलं नसतं.

यावर उपाय म्हणून आपण शिबिरं घेतो. इगतपुरीला नाहीतर देवळालीला दोन दिवस, बाहेरगावचे वक्ते, फाइल, पेन, शेवटी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा फोटो. मी शिबिरांच्या विरोधात नाही. तिथं मैत्री जमते, मन लावून प्रार्थना होते, कित्येकांच्या आयुष्याला तिथं वळण लागलेलं मी पाहिलं आहे. पण शिबिराहून परतलेल्या मुलाची मंडळीत कुठलंच काम वाट पाहत नसतं. ‘नेतृत्व’ या विषयावर त्यानं वहीभर टिपणं काढलेली असतात आणि पुढच्या रविवारी त्याच्या हातात पुन्हा अर्पणाची थैली दिली जाते, ती फिरवायला, मोजायला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की माणूस घडतो तो काम खरं असेल तेव्हा. खरं काम म्हणजे ज्यात पैसा आहे, निर्णय आहे, चुकलं तर चारचौघांत उत्तर द्यावं लागतं असं काम. आणि शेजारी एक असं वडीलधारं माणूस लागतं, जे मध्येच हात घालत नाही आणि सोडून निघूनही जात नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. नुसतं काम टाकून दिलं तर पोरं होरपळतात आणि नुसता उपदेश केला तर कंटाळतात.

हे कसं होतं ते हंगामाच्या सणाला एका मंडळीत मी जवळून पाहिलं. वेदीपुढं तांदूळ, नागली, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेला कोंबडा, कोणी घरी भाजलेला केक, कोणी विणलेला टेबलक्लॉथ असं सगळं मांडलेलं. उपासनेनंतर लिलाव. वर्षानुवर्षं लिलावाची वही एक निवृत्त काका सांभाळत. त्या वर्षी त्यांनी ती बी.कॉम.ला असलेल्या एका मुलीच्या हाती दिली, पुकारा करायला एका तरुणाला उभं केलं, आणि स्वतः खांबाजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले.

या लिलावाची एक रीत आहे. एखादा भोपळा कोणी चढ्या बोलीनं घेतो आणि ‘परत देवासाठी’ म्हणून पुन्हा वेदीपुढं ठेवतो. तोच भोपळा दुसरा घेतो, तोही परत ठेवतो. शिवाय निम्म्या लोकांकडं त्या वेळी रोख नसते, ‘लिहून ठेव गं, पुढच्या रविवारी देतो’ असं चाललेलं असतं. मुलगी भराभर लिहीत होती. वस्तू परत आली की ती आधीच्या घेणाऱ्याच्या नावावर काट मारून नवं नाव लिही. काकांना ते खुर्चीवरून दिसत होतं. ते उठले नाहीत.

संध्याकाळी हिशेब जुळेना. रोख, मोबाइलवर आलेले पैसे आणि वहीतली उधारी यांची बेरीज बोलींच्या बेरजेपेक्षा बरीच कमी. मुलगी रडकुंडीला आलेली. काकांनी तिला एकच विचारलं, ‘ज्यानं भोपळा परत ठेवला, त्यानं बोलीचे पैसे द्यायचे की नाही?’ ती क्षणभर थांबली आणि तिचं तिलाच उमगलं. परत ठेवणाऱ्यानं वस्तू देवाला दिलेली असते, पैसे माफ करून घेतलेले नसतात. मग दोघं बसून काट मारलेली नावं एकेक करून पुन्हा जागेवर आणत राहिली. निघताना काका म्हणाले, ‘उधारी मागायला तूच जायचंस, बेटा. पण देवळाच्या दारात कोणाला अडवू नकोस. घरी जा, चहा घे, मग विषय काढ.’ पुढच्या वर्षी त्या वहीत ‘परत ठेवली’ असा एक नवा रकाना होता आणि तो तिनं स्वतः आखला होता.

पहिली काट पडली त्याच क्षणी आपल्यातले बहुतेक जण उठले असते, ‘अगं असं नाही, आण इकडे’ म्हणून वही हातातून घेतली असती. हिशेब बिनचूक झाला असता आणि ती मुलगी पुन्हा कधी वहीजवळ आली नसती. काका खुर्चीत बसून राहिले. काहीही न करणं यापेक्षा ते बसून राहणं कितीतरी अवघड होतं. नंतर पुढं सरसावून त्यांनी तिला उत्तर दिलं नाही, प्रश्न दिला. एवढंसं काम आहे हे. पण शिबिराच्या दोन दिवसांत जे होत नाही ते त्या एका संध्याकाळी झालं असं मला ठामपणे वाटतं.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्या लोकांना हे नव्यानं सांगावं लागू नये. इस्राएलांचा पुढारी मोशे हयात असताना, सगळ्या मंडळीच्या डोळ्यांदेखत त्याचा मदतनीस यहोशवा याला पुढं उभं करायला देव सांगतो, आणि गणनाच्या २७व्या अध्यायात त्यात एक बारीक तपशील आहे: आपल्या अधिकारातला काही भाग त्याला दे, म्हणजे लोक त्याचं ऐकतील. आशीर्वाद दे, प्रार्थना कर, एवढ्यावर ते थांबत नाही, अधिकार दे असं सांगितलेलं आहे. मोशेनं दिला. पुढं यहोशवानं मात्र असा कोणी माणूस पुढं उभा केल्याचं कुठंच लिहिलेलं नाही. शास्ते या पुस्तकाच्या दुसऱ्याच अध्यायात आपण वाचतो की ती पिढी गेली आणि तिच्यामागून परमेश्वराला न ओळखणारी दुसरी पिढी उठली. एवढा पराक्रमी सेनापती, देश जिंकून दिला, वाटणी करून दिली, आणि पुढचा माणूस घडवायचा राहिला. आपल्याकडच्या कितीतरी कर्त्या माणसांचं असंच झालं आहे. त्यांनी देऊळ बांधलं, कंपाउंडची भिंत घातली, कोर्टात जाऊन जागा वाचवली, आणि ती गेली तेव्हा कपाटात कुठला कागद कुठं आहे हे सांगणारंही कोणी उरलं नाही.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो बर्णबा. शौलाची, म्हणजे पुढच्या पौलाची, सगळ्यांना भीती वाटत होती तेव्हा यानं त्याला हाताला धरून प्रेषितांकडं नेलं. पुढं अंत्युखियाचं काम वाढलं तेव्हा हा स्वतः तार्सला जाऊन शौलाला शोधून घेऊन आला आणि वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं. प्रेषितांची कृत्ये सलग वाचत गेलं की एक गोष्ट लक्षात येते. आधी नावं येतात ती ‘बर्णबा व शौल’ अशी. तेराव्या अध्यायाच्या मध्यावर क्रम उलटतो आणि पुढं बहुतेक वेळा ‘पौल व बर्णबा’ असं येतं. बर्णबानं त्याबद्दल कुरकुर केल्याची एक ओळही नाही. ज्याला आपण आणलं तो आपल्यापुढं गेला, हे त्यानं सोसलं असंही मी म्हणणार नाही, कारण त्याला ते मुळात सोसावं लागलं असेल असं त्याच्या वागण्यावरून दिसत नाही. नंतर मार्कावरून दोघांचं कडाक्याचं वाजलं. मार्क आधी अर्ध्यातून परत गेला होता, पौल त्याला पुन्हा न्यायला तयार नव्हता. बर्णबानं त्याला घेतलं आणि कुप्राला निघून गेला. आणि अखेरीस तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. पौलानं टाकलेला माणूस पौलाच्याच उपयोगी पडला, कारण मधल्या काळात त्याला दुसरी संधी देणारा कोणीतरी होता.

आपल्याकडं मार्काला दुसरी संधी मिळत नाही. एखाद्या मुलानं एकदा संदेश देताना गडबड केली, एखाद्या कार्यक्रमाचा खर्च हाताबाहेर गेला, तर ते दहा वर्षं लक्षात ठेवलं जातं. ‘त्याला दिलं होतं ना एकदा!’ एवढ्या वाक्यावर माणसाचा निकाल लागतो.

आणि कोणाला निवडायचं याबद्दलही तिथंच एक धडा आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातं अशी तक्रार येते. मंडळी सात जण निवडते. स्तेफन, फिलिप्प यांच्यापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्याच माणसांच्या हातात वाटप दिलं. नाशिकच्या मंडळ्यांत आज तक्रार कोणाची आहे? तरुणांची आहे, स्त्रियांची आहे, आणि पेठ-सुरगाण्याकडून शहरात मजुरीला येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची आहे. ही कुटुंबं मागच्या बाकांवर बसतात, गीतं मनापासून गातात, आणि कमिटीच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. त्यांच्या गावाकडं घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभा मात्र त्यांच्यातलीच माणसं चालवतात. दिवसभर शेतात राबून आलेला माणूस रात्री कंदिलाच्या नाहीतर बल्बच्या उजेडात वचन वाचतो, आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो, भांडण मिटवतो. तिथं त्याला कोणी शिबिर दिलं नाही. दुसरं कोणी नव्हतं म्हणून तो उभा राहिला आणि उभा राहिल्यावर घडला. असा माणूस शहराच्या मंडळीत आला की आपण त्याला दार उघडायला आणि सतरंज्या घालायला सांगतो.

शरणपूरचा इतिहास तर याबाबतीत फार बोलका आहे, आणि आपल्या मुलांना तो सांगितला जात नाही याचं मला वाईट वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीनं हे गाव वसवलं. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलामुलींना इथं आणलं जाई. शाळा होती, सुतारकाम, लोहारकाम, शेती शिकवत. इथं शिकलेले तरुण मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर त्यांच्या आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाला गेले. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांच्या हृदयाच्या दफनाची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइटनं. पुढं तो मृतदेहाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटी धरणाऱ्यांमध्ये होता.

इथूनच विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे १८६४ मध्ये मोंबासाजवळच्या मिशनच्या कामावर गेले. त्यांना डीकनची, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा मिळाली १८८५ मध्ये. एकवीस वर्षांनी! तेवढ्या काळात तिथं गोरे मिशनरी आले, आजारी पडले, गेले, आणि हे दोघे काम करत राहिले. त्याच १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाकडं निघाले तेव्हा जोन्स त्यांच्याबरोबर होता. वाटेत तांड्याचा मोठा भाग जोन्सच्या हवाली करून बिशप थोडी माणसं घेऊन पुढं गेले आणि मारले गेले. मागं राहिलेल्या सगळ्यांना घेऊन किनाऱ्यापर्यंत परत आला तो जोन्स. ज्या माणसावर जिवाचा भरवसा टाकला, त्याला साधी दीक्षा देण्यासाठी दोन दशकं घेतली. त्या मिशनऱ्यांनी मुलांना शिकवलं, हुन्नर दिला, प्रेमही केलं असेल. अधिकार द्यायची वेळ आली तेव्हा हात आखडला. हे वाचलं की आपण त्या काळच्या गोऱ्या साहेबांवर रागावतो. आपल्या मंडळीत पंचवीस वर्षं रविवारची शाळा चालवणाऱ्या एखाद्या बाईंना कमिटीवर किती वर्षांनी घेतलं, हेही त्याच वेळी आठवून पाहावं.

याच शहरात याच्या उलट उदाहरणही घडलं, आणि ते मंडळीबाहेरचं आहे म्हणून आपण त्याच्याकडं दुर्लक्ष करू नये. २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं. पण बाबासाहेब मुंबईत असत, त्याच वर्षी गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले. नाशिकची रोजची लढाई, माणसं जमवणं, तुरुंगात गेलेल्यांच्या घरच्यांची काळजी, पैशांची ओढाताण हे सांभाळलं ते दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावच्या भाऊराव गायकवाडांनी, आणि त्यांच्याबरोबरच्या इथल्या कार्यकर्त्यांनी. तेव्हा गायकवाडांनी तिशीही ओलांडलेली नव्हती. बाबासाहेबांनी त्यांना वेळोवेळी लिहिलेली पत्रं आज प्रसिद्ध आहेत. १९३४ मध्ये सत्याग्रह पुन्हा सुरू करावा का हा प्रश्न आला, तेव्हा बाबासाहेबांनी आपलं मत नुसतं कळवलं नाही, कारणांसह सविस्तर लिहिलं. दूरवरच्या एका तरुण कार्यकर्त्याला आपण असं का म्हणतो हे समजावून सांगण्याचे कष्ट त्या माणसानं घेतले, ज्याच्याकडं वेळ सगळ्यांत कमी होता. त्यातून दादासाहेब गायकवाड उभे राहिले. १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेत गेले, १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह त्यांनी उभे केले, त्यातला १९६४ चा तर बाबासाहेब गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. नेत्याच्या गैरहजेरीत काम चालावं असं वाटत असेल, तर नेता हयात असतानाच त्याच्या गैरहजेरीची सवय लागावी लागते.

घरातल्या घरात माणूस घडवण्याचं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मीबाई टिळक आहेत. नाशिकजवळच्या जलालपूरच्या, शाळेत न गेलेल्या. नारायण वामन टिळकांनी त्यांना शिकवलं, लिहितं केलं. १९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं काव्य अपुरं राहिलं होतं, ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. टिळकांसारख्या कवीचं अपुरं काम आपण हाती घ्यावं हा विश्वास त्या बाईंच्या मनात एका दिवसात आलेला नाही. आजच्या महिला संघांकडं पाहताना मला नेहमी वाटतं की आपल्यात अशा कितीतरी लक्ष्मीबाई फराळाचे डबे भरण्यात गुंतवून ठेवल्या आहेत.

आता आक्षेपांकडं येतो. पहिला आक्षेप ऐकायला येतो तो फुटीचा. ‘माइक हातात दिला की उद्या हा चार घरं घेऊन वेगळी मंडळी काढतो.’ ही भीती खोटी नाही, नाशिकमध्ये असं घडलेलं आहे आणि त्याची जखम राहते. पण जे वेगळे झाले त्यांच्याशी बसून बोललं की बहुतेकांच्या तोंडून एकच गोष्ट निघते: आम्हाला तिथं जागाच नव्हती. ज्याला खुल्या सभेत मत मांडता येतं, ज्याचा ठराव कधी पास होतो आणि कधी पडतो, त्याला वेगळं होण्याचं कारण उरत नाही असं मी म्हणणार नाही. कमी मात्र नक्की होतं.

दुसरा आक्षेप, ही मुलं नाशिकमध्ये राहतात कुठं? शिकतात आणि पुण्याला, बंगळुरूला जातात. खरं आहे. तरीही त्यांना घडवावं. ती जिथं जातील तिथल्या मंडळीला तयार माणूस मिळेल, आणि दुसरीकडून नाशिकला आलेला एखादा तसाच आपल्याला मिळेल. शिवाय घाई करून भागत नाही. इथल्या द्राक्ष बागाईतदाराला हे समजावावं लागत नाही: एप्रिलच्या खरड छाटणीनंतर घडाची अपेक्षा कोणी धरत नाही, तेव्हा काडी तयार होते, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर माल लागतो तो त्याच काडीवर.

तिसरी अडचण उघडपणे कोणी बोलत नाही, पण खरी तीच आहे. सेक्युरिटी प्रेसमधून, रेल्वेतून, शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला सेक्रेटरीपद हाच आता दिवसाचा आधार असतो. सकाळी आंघोळ करून देवळाच्या कचेरीत जायचं, पत्रं लिहायची, पाळकसाहेबांशी चार शब्द बोलायचे. ते पद काढून घेतलं तर त्या माणसाचं काय उरतं? हा प्रश्न दयेनं पाहण्यासारखा आहे, आणि ‘सल्लागार मंडळ’ नावाची वर्षातून एकदा हार घालण्याची जागा करून तो सुटत नाही. पदावरून उतरलेल्या प्रत्येकाच्या हवाली एक माणूस करावा. नाव घेऊन, सभेत जाहीर करून. ‘या दोन वर्षांत हिला खजिनदारी शिकवायची जबाबदारी तुमची.’ लिलावाच्या त्या काकांना मी आजही पाहतो. मंडळीत त्यांचा मान पद असताना होता त्यापेक्षा आज जास्त आहे, कारण चार तरुण अडले की आधी त्यांच्याकडं जातात.

स्वतंत्र मंडळ्यांबद्दलही बोलायला हवं. तिथं प्रश्न वेगळा आहे. ज्या पाळकानं घाम गाळून मंडळी उभी केली, त्याच्यानंतर त्याचा मुलगा किंवा जावई हे जवळपास ठरलेलं असतं. मुलगा लायक असेल, तर असो. पण मंडळीतल्या इतर दहा लायक तरुणांना हे आधीपासून माहीत असतं आणि ते आपली उमेद दुसरीकडं नेतात. घरातल्या माणसाला घडवण्यासाठी जेवढा वेळ दिला जातो, त्याचा चौथा हिस्सा जरी बाहेरच्या एखाद्याला दिला, तरी चित्र पालटेल.

शिकवायचं काय, हाही प्रश्न येतो. संदेश कसा द्यावा, प्रार्थना कशी चालवावी हे आपण थोडंफार शिकवतो. संस्था कशी चालते हे कोणीच शिकवत नाही. आपल्या कितीतरी मंडळ्या सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेल्या आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी हिशेबाचं ऑडिट करून ते दाखल करावं लागतं. हे माहीत असलेला माणूस मंडळीत बहुधा एकच असतो आणि तो सत्तरीपुढचा असतो. नोंदवहीच्या उताऱ्यावर वारलेल्या विश्वस्तांची नावं तशीच राहून गेली, पुढं जागेचा वाद आला आणि मंडळीच्या बाजूनं कोर्टात उभं राहायला कायदेशीर माणूसच कोणी नाही, अशी वेळ येऊ शकते. म्हणून पंचविशीतल्या दोघा-तिघांना तो उतारा एकदा हातात घेऊन वाचायला लावा. त्यांना धर्मादाय कार्यालयात बरोबर न्या, कुठल्या टेबलावर काय होतं ते दाखवा. बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या कशा जपायच्या, लग्नाची नोंद कशी करायची, दाखला देताना काय तपासायचं, हे त्यांना समोर बसवून करून घ्या. यात आध्यात्मिक काही नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी विधवांच्या वाटपासाठी निवडलेले ते सात जण ‘आत्म्यानं पूर्ण’ असावेत अशी अट का होती, याचा विचार करावा.

मला पाहिजे आहे ते फार मोठं नाही. येत्या वार्षिक सभेत एक ठराव यावा. कुठल्याही पदावर कोणीही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त राहू नये. प्रत्येक पदाधिकाऱ्यानं पहिल्याच महिन्यात तिशीच्या आतला एक साथीदार निवडावा, त्यात निदान निम्म्या मुली असाव्यात, आणि दुसऱ्या मुदतीचं शेवटचं वर्ष त्या साथीदारानं प्रत्यक्ष काम करावं, पदाधिकाऱ्यानं शेजारी बसावं. महिन्यातून एका रविवारी संदेश पाळकाशिवाय दुसऱ्यानं द्यावा. वर्षातून एकदा येणारा युवक रविवार यात मोजू नये. त्या आठवड्यात पाळकसाहेबांनी त्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर वचनावर एक संध्याकाळ बसावं आणि संदेश झाल्यावर पुन्हा एकदा.

आणि बँकेच्या खात्यावर एक सही तरुणाची असावी. एकट्याची नको, दोघांची मिळून असते तशीच, पण असावी. ज्याच्या सहीशिवाय चेक वटत नाही, त्याला प्रत्येक खर्चाचं बिल बघावंच लागतं, विचारावंच लागतं, आणि त्याचं उत्तर वडीलधाऱ्यांना द्यावंच लागतं. सही बदलायला बँकेला सहसा सभेच्या ठरावाची प्रत लागते, नव्या सहीदाराचं आधार आणि पॅन, फोटो, आणि नमुना सह्या. फॉर्म शाखेतच मिळतो. सभा घेऊन ठराव लिहिला, सेक्रेटरीनं प्रत करून शिक्का मारला, तर हे काम व्हायला अडचण येऊ नये. बँकेत जाताना त्या नव्या सहीदाराला एकट्याला पाठवू नका, जुन्या खजिनदारानं त्याच्याबरोबर जावं.